आईच्या दातातली खाच

आईच्या वरच्या पुढच्या दाताला खालच्या कडेवर एक खाच आहे. सुईच्या नेढ्याइतकी नेटकी नाही, पण दोरा बरोबर बसेल एवढी. गिरगावात, फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिने चाळीसेक वर्षं वाडीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. कात्री मशीनवरच असायची, तरी हुक लावून झाला की दोरा दातानेच तुटायचा. "कात्री उचल, ठेव, परत उचल, कुणाला वेळ आहे गो?" असं म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा पार गेला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. प्रत्येक मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच सांगायची, "वारा खात बसलेय." शेवटी शेजारणीच्या नातीचं बारसं खालच्या हॉलमध्ये असूनही जाता आलं नाही, तेव्हा तीच म्हणाली, "करून टाकू या ते गुडघा बदलायचं ऑपरेशन."

परळच्या हॉस्पिटलात रक्त झालं, हृदय झालं, साखर झाली. सगळं ठीक निघालं. आम्ही तारीख ठरवायला गेलो तर सर्जन म्हणाले, "दातांच्या डॉक्टरांचं पत्र आणा. तोंडात कुठे पू असेल तर तो रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. ते जोखमीचं आहे."

परतताना टॅक्सीत, गिरगाव आल्यावर, आई हळूच म्हणाली, "माझे दात काही बघण्यासारखे नाहीत. एकदाही दाखवले नाहीत मी कुणाला."

खरं होतं ते. मलाही धास्ती होती. दात पिवळे, दाढा झिजून सपाट झालेल्या, आणि त्या खाचेचा तळ तर तपकिरी. ठाण्याहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. "सगळेच काढायला सांगितले तर? मग कवळी, मग ऑपरेशन पुढे. तोवर ती त्या जिन्यात बसून राहणार." मी त्याला म्हटलं, "आधी दाखवू तर दे." पण माझ्याही मनात तेच चाललं होतं.

दादरला माझ्या बँकेमागच्या गल्लीत एक दंतवैद्य आहेत, तिशीपस्तिशीतल्या. खुर्चीत बसताच आईने पदर तोंडावर घेतला. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. लाळेऱ्यासारखा एक निळा कागद तिच्या गळ्यात बांधला, पदर जरासा सरकवून आत पाहिलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही शिवणकाम करायचात का?"

आईचा पदर खालीच आला. "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"तुमच्या दाताने."

मग त्यांनी खाचेवर हवेचा झोत मारला. बाजूच्या खुर्चीत मीच अंग चोरलं. आई मात्र शांत.

"झोंबलं?"

"काय झोंबायचं त्यात?"

बारीक टोकदार हत्याराने त्यांनी तो तपकिरी तळ टोकरला. कट्‌ कट्‌ असा कोरडा आवाज आला. मी विचारलं, "किडलाय ना तो?"

"नाही हो. कीड असती तर टोक आत रुतलं असतं. हे बघा, घट्ट आहे, काचेसारखं."

एक्स-रे काढून त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. शेजारी कुणा तरुण पेशंटचा एक्स-रे लावला, नाव झाकून. त्या दातात मधोमध नसेची मोठी काळी पोकळी होती. आईच्या दातात ती जेमतेम काळ्या दोऱ्याएवढी उरली होती.

"वरचं पांढरं कवच, इनॅमल, एकदा झिजलं की परत येत नाही," त्या म्हणाल्या. "पण दाताचा मोठा भाग आहे तो त्याच्या आतला, पिवळसर, डेंटिन. त्यात हजारो बारीक नळ्या असतात, नसेपासून बाहेरच्या बाजूपर्यंत. गार लागतं ते त्या नळ्यांतलं पाणी हलतं म्हणून. आणि नसेच्या कडेला ज्या पेशी असतात, त्या डेंटिन बनवतात. दात येऊन मूळ पुरं होईपर्यंत बनतं ते पहिलं. त्यानंतर जन्मभर आतून सावकाश थर चढत राहतो, ते दुसरं. म्हणून वयाबरोबर पोकळी लहान होत जाते. आणि दाताला बाहेरून मार बसायला लागला, की बरोबर तेवढ्याच जागेखाली एक जादा थर येतो, तिसरा. तो तसा ओबडधोबड असतो, नळ्या वाकड्यातिकड्या, कमी. पण नसेला झाकतो. काकूंच्या खाचेखाली तोच आहे. शिवाय वरच्या जुन्या नळ्या खनिजाने भरून बंद झाल्यात. म्हणून झोंबत नाही."

आई पडद्याकडे बघत राहिली. "हे सगळं मला न सांगता?"

"न सांगता, न विचारता," डॉक्टरबाई हसल्या.

मला एकदम हलकं वाटलं. पण त्यांनी एक बोट वर केलं. मागच्या एका दाढेचं मोडलेलं मूळ हिरडीत राहिलं होतं आणि त्याच्या टोकाशी पू होता. ते काढावं लागलं. दहा मिनिटांचं काम. आईने माझा हात धरला होता, तो नंतर दिवसभर दुखला. जखम भरल्यावर पत्र मिळालं: बाकी दात निरोगी. भावाला ते मी फोनवर दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्याने मध्येच "बरं, बरं," म्हणत नाक ओढलं.

गुडघा नीट बसला. दीड महिन्यात आई काठी घेऊन वाडीच्या तोंडापर्यंत जाऊ लागली.

गंमत वेगळीच होती. त्या पहिल्याच दिवशी डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या, "झोत आईच्या दातावर, आणि अंग चोरलंत तुम्ही. आता तुम्ही बसा." मी वर्षभर डाव्या बाजूने गार पीत नव्हते, आणि ते कुणाला सांगितलंही नव्हतं. दाढेत खोल कीड निघाली. "तुमच्या आईचा दात चाळीस वर्षं हळूहळू झिजला, म्हणून त्याला वेळ मिळाला. कीड वेळ देत नाही," त्या म्हणाल्या. तरी त्यांनी लगेच रूट कॅनल केलं नाही. सगळी मऊ कीड न खरवडता नसेजवळचा पातळ पापुद्रा राखला, त्यावर औषध घालून दाढ तात्पुरती बंद केली. "नस अजून जिवंत आहे. तिला थर घालायची संधी देऊ. काही महिने थांबू. नाही जमलं, तर रूट कॅनल आहेच."

ते महिने मी दाढ जिभेने चाचपत काढले. तपासणीच्या दिवशी आई हट्टाने बरोबर आली. डॉक्टरबाईंनी दाढेवर गार बोळा टेकवला. जरा झिणझिणलं आणि लगेच थांबलं. "हवं होतं तेच," त्या म्हणाल्या. एक्स-रेवर नस आणि औषध यांच्यामध्ये एक पांढुरकी रेघ दिसत होती. मला ती दिसायला थोडा वेळ लागला. आईला आधी दिसली. "ती बघ, ती," म्हणून तिने पडद्यावर बोटच टेकवलं.

त्यांनी पक्कं सिमेंट भरलं आणि दोन तास काही चावू नका म्हणून सांगितलं. खाली उतरल्यावर मी टॅक्सीला हात करणार, तोवर आई काठी टेकत भाजीगल्लीत शिरली होती. मी मागे गेले तर ती शेवग्याच्या शेंगा निवडत होती, एकेक वाकवून बघत. "शिजून चावायला घेईपर्यंत तुझे दोन तास होतीलच," म्हणाली.