चाचांसाठी केलेलं बुकिंग

फहाहीलच्या आमच्या खोलीत तीन खाटा. एक माझी, एक नाशिककडच्या एसी मेकॅनिकची आणि खिडकीजवळची चाचांची. चाचा दापोलीकडचे. बावीस वर्षं कुवेतमध्ये, त्यातली शेवटची नऊ स्कूल व्हॅनवर. साठी जवळ आली म्हणून व्हॅनच्या मालकाने त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवायचा नाही असं ठरवलं आणि शुक्रवारचं तिकीट हातात दिलं. एका बाजूचं. म्हणजे गुरुवारची संध्याकाळ ही त्यांची इथली शेवटची.

व्हॅनच्या आधी चाचा एका घरी ड्रायव्हर होते. त्या घरच्यांना गल्फ रोडवर हॉटेलात सोडायचं आणि जेवण होईपर्यंत पार्किंगमध्ये थांबायचं. एकदा भाजी निवडताना ते सहज म्हणाले, "काचेपलीकडे बसलेली माणसं दिसायची रे. ताटात आख्खी झुबैदी. झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच, पण हे लोक करतात कसं, ते काय बाहेरून कळत नाय."

झालं. मी आणि मेकॅनिकने ठरवलं, गुरुवारी चाचांना त्या काचेच्या आत बसवायचं. समुद्राकडचं टेबल, आख्खा मासा. चाचा आधी "कशाला उगाच" म्हणाले आणि बुधवारी न सांगता जाऊन केस कापून आले.

बुकिंग माझ्याकडे. फोनवरची कामं नेहमी माझ्याकडेच असतात, कारण फोनवर मी कुणीही होऊ शकतो. महाडच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा अख्खा सातवीचा वर्ग घरी सोडला होता. इथे साइट ऑफिसात ड्रॉइंग्ज फायलीला लावतो, पण माझी ओळख तेवढीच नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी आमच्या इंजिनीअर साहेबांचा आवाज काढतो आणि पुण्याची सगळी फॅमिली मंडळी पोट धरून हसतात.

पहिला फोन माझ्या आवाजात केला.

"हाऊ मेनी, ब्रदर?"

"थ्री."

"फॅमिली ऑर बॅचलर?"

चाचांना चार नातवंडं. पण इथे बायको गावाला असली की माणूस बॅचलर.

"सॉरी ब्रदर, थर्सडे फॅमिली ओन्ली." इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि रविवारी पुन्हा शाळा-ऑफिस, म्हणून गुरुवारची रात्र फॅमिलीवाल्यांची.

दुसरा फोन साहेबांच्या आवाजात. खर्जात, प्रत्येक शब्दावर सही केल्यासारखा. पलीकडचा लगेच 'ब्रदर'वरून 'सर'वर आला. मग म्हणाला, "हाऊ मेनी लेडीज, सर?" इथे माझी कला संपली. बाईचा आवाज मी काढतो, पण बाई होऊन दारातून आत जाता येत नाही.

मग मला सुचलं की खऱ्या साहेबांनाच घेऊन जाऊ. म्हणजे त्यांच्या बायकोला, मॅडमना. मॅडम असल्या की आम्ही तिघेही फॅमिलीत मोजले जाऊ. मॅडमचा माझ्यावर जीव. शिवाय त्यांची दोन्ही मुलं चाचांच्याच व्हॅनने शाळेत जातात. मी फोन लावला.

"मॅडम, गुरुवारी गल्फ रोडला जेवायला जायचं का सगळ्यांनी?"

एवढंच म्हणालो. चाचांच्या निरोपाचं जेवण आहे, हे नाही म्हणालो. मला वाटलं, व्हॅनच्या ड्रायव्हरच्या पार्टीला साहेबलोक येतील का? एकदा टेबलावर बसले की मग सांगू, उठून तर जाणार नाहीत. ही माझी हुशारी.

मॅडम इतक्या खूश झाल्या की मलाच कसंतरी झालं. "अरे, किती छान! पण मुलं नकोत हं. फक्त मोठी माणसं. सात वर्षं झाली, मी गरम जेवण गरम असताना खाल्लेलं नाहीये."

अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार. मॅडमनी आणखी एक जोडपं घेतलं, त्या जोडप्याने आणखी एक. कुणाला समुद्राकडची बाजू नको, वारा लागतो. कुणी मासे खात नाही. कोणता ड्रेस, कुणाची गाडी, आधी कॉफी की नंतर कॉफी. टेबल नऊ जणांचं झालं. सहा ते, तीन आम्ही, असं मी मनात धरलेलं. आमच्यातल्या दोघांची नावं ग्रुपवर टाकायला मी चांगला मुहूर्त बघत होतो.

बुधवारी दुपारी मॅडमचा फोन.

"अरे, मुलांचं काहीच ठरत नाहीये. तिन्ही घरची मिळून पाच होतात. शेजारची नर्स ड्यूटीवर आहे. आणि मला एकदम क्लिक झालं, व्हॅनवाले चाचा! तुझ्याच रूमवर राहतात ना ते?"

"हो."

"मुलं त्यांचं ऐकतात रे. माझंसुद्धा ऐकत नाहीत. आमच्याकडे येऊन बसतील का तीन-चार तास? आता कॅन्सल नको व्हायला, प्लीज. तू विचार ना, तुला नाही म्हणणार नाहीत."

मला बोलायला जागा होती. 'मॅडम, हे टेबल त्यांच्यासाठीच आहे', एवढं एक वाक्य. रोज पन्नास माणसांची वाक्यं बोलतो मी. हे आपलं एक काही तोंडातून निघालं नाही.

"विचारतो," मी म्हणालो.

खोलीवर मेकॅनिकला सांगितलं. तो पान्याला ग्रीस लावत होता. त्याने मान वर केली.

"म्हणजे ज्याचा निरोप, तो पोरं सांभाळणार?"

"तसं नाही रे..."

"मग कसं? फोन लाव. सांग तिला."

"प्लॅन कॅन्सल झाला तर टेबलच जाईल. मग कुणालाच काही नाही."

"जाऊ दे ना टेबल! इथे खाली बकाल्याच्या दुकानातून कोंबडी आणू, मी रस्सा करतो, म्हातारा पोटभर जेवेल. पण तुला जायचंय तिकडं. तुझा शो आहे ना."

"तू येतोस का नाही?"

"मी नाय येत. माझा आवाज एकच आहे."

चाचा संध्याकाळी आले. मी साध्या आवाजात बोलायला सुरुवात केली, पण जमेना. मग मॅडमच्या आवाजात विचारलं. मान वाकडी करून, केस मागे सारून, "चाचाऽ, मुलं ना तुमचंच ऐकतात!" चाचा खो खो हसले. हसता हसता थांबले. त्यांना समजलं होतं.

"उद्याच?"

"हो."

ते नुकत्याच कापलेल्या केसांवरून हात फिरवू लागले. मला ते बघवेना, म्हणून मी एक थाप ठोकून दिली. "साहेब म्हणाले, चाचा चाललेत, तर जाता जाता पोरांना त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ मिळू दे. पोरांना कायम लक्षात राहील."

"साहेब असं म्हणाले?"

"स्वतः."

चाचांचा चेहरा असा खुलला की मेकॅनिक उठून बाहेर गॅलरीत गेला. "मग हॉटेलचं काय एवढं," चाचा म्हणाले. "मासा तर गावालाही आहे. पोरं काय पुन्हा दिसायची नायत." त्यांनी खाली जाऊन पाच चॉकलेटं आणली. कुणाला कुठलं आवडतं ते त्यांना पाठ होतं.

गुरुवारी मी गेलो. समुद्राकडचं टेबल मिळालं नाही. झुबैदी मागवली ती मीच, आणि अर्धी राहिली. मी साहेबांसमोर साहेबांचा आवाज काढला, वेटरसमोर वेटरचा. मग दुसऱ्या जोडप्यातले गृहस्थ म्हणाले, "अरे, तो व्हॅनवाला काढ ना! 'बेल्ट लावा पोरांनो' म्हणतो तो." मी काढला. हुबेहूब काढला. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. टेबलावर बसले की सांगू म्हणालो होतो, ते सांगायची ती वेळ होती. त्याआधीही तीनदा आली होती. पण लोक हसत असताना मधे थांबायला मला कुणी शिकवलेलंच नाही.

शुक्रवारी दुपारी मी चाचांना विमानतळावर सोडायला गेलो. मेकॅनिकने कंपनीची गाडी आणली होती. तो गाडी चालवत होता, माझ्याशी बोलत नव्हता. बॅगा ट्रॉलीवर चढवल्यावर मी विचारलं, "काय चाचा, पोरं रडली का?"

"कशाला रडतील? त्यांना कुठे ठाऊक होतं."

"म्हणजे?"

"चॉकलेटं खाल्ली, पत्ते खेळली, झोपली." चाचा ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे होते. "साहेब परत आले. दारात मला म्हणाले, रविवारी दहा मिनिटं लवकर ये, मोठ्याची परीक्षा आहे."

"मग तुम्ही?"

"हो म्हटलं. तू त्यांना सांगितलं नव्हतंस ते कळलं मला. आता मी सांगितलं असतं तर तू खोटा पडला असतास."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला चाललं असतं. मेकॅनिकला मिठी मारली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

रविवारी सकाळी मी दात घासत होतो तेव्हा ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. चाचांना लवकर यायला सांगितलं होतं, आलेच नाहीत, भलताच कुणीतरी आला आणि तोही नेहमीच्या वेळेला. या लोकांना सांगून काही उपयोग नाही. खाली दोन घरांचे अंगठे.

मी लिहिलं, 'चाचा शुक्रवारी कायमचे गावी गेले. गुरुवारचं जेवण त्यांच्या निरोपाचं होतं.'

मग मॅडमचं उत्तर आलं. 'अरे, मग सांगायचं नाही का! आपण त्यांना घेऊन गेलो असतो. मुलांची काहीतरी सोय केली असती.'

मेकॅनिक माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने ते दोनदा वाचलं, टॉवेल उचलला आणि अंघोळीला गेला.