कापसाच्या खोलीतला जॅझ

लग्नाच्या पत्रिका वाटता वाटता जॅझचा अल्बम काढता येतो, असं माझं प्रामाणिक मत होतं.

त्याला कारण आमचे बाबा. वय शहात्तर. यवतमाळच्या एका बँड पार्टीत त्यांनी चाळीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला. तरुणपणी नागपूरला एका म्हाताऱ्या बँडमास्तरानं त्यांना जुन्या काळी हॉटेलांत वाजायचा तसला जॅझ शिकवला होता. बाबा तो वरातीत, घोडा नवरदेवाची वाट बघत उभा असताना, दोन मिनिटं हळूच वाजवून घ्यायचे. (लोकांना वाटायचं, बाजा गरम करून राह्यले!) या चाळीस वर्षांतलं एक मिनिटसुद्धा कुणी रेकॉर्ड करून ठेवलेलं नव्हतं.

आता माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिचा एकच हट्ट होता.

"मी मंडपात येईन तं आजोबाच्या सॅक्सवर. डीजे-बीजे नाही पायजे मले!"

पण बाबांचा दम दिवसाला एका गाण्यापुरताच उरला होता. त्यात मे महिन्याचं ऊन आणि सहाशे माणसं. ऐन वेळी खोकला आला म्हणजे? म्हणून मी जाहीर केलं, "आधीच रेकॉर्ड करून ठेवू. आठ चालींचा अल्बम! पत्रिका द्यायले गावोगाव जातोच आहो, तिथंच वाजवू!"

"अन् चाली कोण बसवन?" बाबांनी विचारलं.

"मी!"

बाबा सॅक्सोफोन पुसायला लागले. (मी पंचायत समितीत कारकून आहे, पण आतून कलावंत आहे, हे त्यांना कधी पटलं नाही.)

माझ्या जुन्या व्हॅनमधून आम्ही निघालो. मी गाडी चालवणार, चालवता चालवता चाल गुणगुणणार, आणि समोर अडकवलेला फोन ती टिपून घेणार, अशी योजना. शेजारी बायको, सुनंदा, पत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन. मागे बाबा आणि सॅक्सोफोनची पेटी. दारव्हा मागे पडेपर्यंत पहिली चाल तयार! गाडी थांबवून मी ती सगळ्यांना ऐकवली. फोनमधून आवाज आला, "टॅऽ रारा, टॅऽ रारा, टॅऽ... अजी, समोर पाहा! म्हशी! म्हशीऽऽ!" त्यानंतर ब्रेक आणि सुनंदाचे चार शब्द, जे इथे देत नाही.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हशीपर्यंत बरी आहे."

पहिला मुक्काम दिग्रसला, माझ्या साळीकडे, म्हणजे सुनंदाच्या बहिणीकडे, कुंदाकडे. मी पेटी उघडायला सांगितली तर कुंदा पोह्यांची ताटं घेऊन आडवी आली. पोह्यांमागून चिवडा, चिवड्यामागून पुरी-भाजी आणि आमरस.

"कुंदा, बाबाले वाजवाचं आहे अजून," मी म्हटलं.

"वाजवतीन नं जेवल्यावर! पत्रिका घेऊन आलेला माणूस उपाशी गेला तं लोकं मले काय म्हणतीन? बाबा, अजून एक वाटी घ्या!"

तीन वाट्या रस पोटात गेल्यावर सॅक्सोफोन फुंकून दाखवावा कुणी! बाबा तिथंच सतरंजीवर आडवे झाले. दिग्रसचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. दीड तासाचं आहे, तालात आहे, पण ते घोरणं आहे.

दुसऱ्या दिवशी महागावला आत्याकडे गेलो. या वेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं की जेवण नंतर. बाबा अंगणात खुर्चीवर बसले. मी फोनला जोडलेला माइक धरला. माझी म्हशीपर्यंतची चाल त्यांनी सुरू केली आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात शेजारचा एक माणूस बनियनवर बाहेर आला.

"कोनाची वरात आहे जी?"

"वरात नाही! जॅझ आहे!" मी ओरडलो.

"असू द्या नं!" म्हणून तो नाचायला लागला. त्याच्यामागे त्याची बायको, मग आख्खी गल्ली. आता चाळीस वर्षं वरातीत वाजवलेला माणूस! समोर कुणी नाचत असताना तो संथ कसा वाजवणार? बाबांची बोटं आपोआप घसरली आणि पाचव्या मिनिटाला वरातीचा ठेका सुरू झाला! मी "बाबा, जॅझ! जॅझ!" म्हणत मध्ये धावलो, तर लोकांना वाटलं मीही नाचतोय. दोघांनी मला खांद्यावर घेतलं. बाबांचा त्या दिवसाचा दम तिथंच संपला आणि परतताना ते व्हॅनमध्ये बराच वेळ खोकत होते. सुनंदा मागे त्यांच्याजवळ जाऊन बसली.

शेवटचं गाव राळेगाव. मामांकडे. मामांनी भाव चढायची वाट बघत समोरच्या खोलीत दाराशी कमरेइतका आणि मागे छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता. मी सहज आत डोकावून हाक मारली आणि चकित झालो. आवाज जराही घुमला नाही! ना बाहेरचा आवाज आत, ना आतला बाहेर.

"मामा! हा तं स्टुडिओ आहे!"

"अरे, आत नोको जाऊ," मामा म्हणाले. "डिसेंबरचा कापूस आहे तो. लय खाज सुटते."

"मामा, मोठ्या शहरात लोकं भिंतीले फोम लावतेत! तुमच्याकडे फुकटात आहे!"

"तुयी मर्जी बाप्पा."

बाबा शहाणे. त्यांनी खुर्ची दारातच, बाहेरच्या बाजूला टाकली आणि बाजाचं तोंड फक्त आत केलं. मी माइक घेऊन कमरेपर्यंत कापसात शिरलो. उकाडा होता म्हणून शर्टही काढला. (कलावंत!)

बाबांनी वाजवायला सुरुवात केली. माझी चाल नव्हे. ते काहीतरी जुनं, त्यांच्या बँडमास्तरानं दिलेलं, अगदी संथ होतं. मी आयुष्यभर बाबांचा बाजा फटाक्यांत आणि ढोलांच्या मागे ऐकलेला. त्या दिवशी पहिल्यांदा नुसते बाबा ऐकले आणि मला भरून आलं.

त्याच वेळी डाव्या घोट्याला काहीतरी चावलं.

मी हललो नाही. मग पोटरीला. मग मांडीला. मग पाठीवर, जिथे हात पोहोचत नाही नेमकी तिथं! दोन्ही हातांत माइक. हललो तर चाल जाते, नाही हललो तर मी जातो. शेवटी तोंडातून निघालंच, "आऽऽऽह!" बाबा डोळे मिटून वाजवतच राहिले. सुनंदाला दया आली असावी. ती बाबांच्या खुर्चीच्या बाजूनं आत आली आणि उरलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यानं माझी पाठ खाजवू लागली.

"इथं का जी?"

"वऽर... अजून वऽऽर... हाऽऽऽ! ओऽहोऽहोऽऽ!"

सहा मिनिटं हे चाललं. मग बाबांनी बाजा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "झालं. आता याच्यावर माह्यानं होत नाही."

घरी येऊन, आंघोळ करून, अंगभर पांढरं मलम फासून मी रेकॉर्डिंग लावलं. सॅक्सोफोन असा आला होता की प्रज्ञा रडायला लागली. पुढच्याच क्षणी माझा आवाज आला आणि ती हसता हसता सोफ्यावरून खाली पडली. कापसानं शब्द सगळे गिळले होते. "आऽह" आणि "ओऽहोऽ" मात्र ठणठणीत ठेवले होते!

"माहा आवाज काढून टाक यातून," मी म्हटलं.

"निघत नाही बाबा. आजोबाच्या सुरात गुंतला तो," प्रज्ञा म्हणाली.

"मंग पुन्हा वाजवू."

"दम नाही रे आता," बाबा हळूच म्हणाले. "राहू दे. लाव तुमचा डीजे."

ते वाक्य मला फार लागलं. सहाशे माणसांत अब्रू जाणार होती. पण बाबांचं एवढं एकच वाजवणं जगात शिल्लक होतं. म्हटलं, "लावाचं तं हेच लावाचं!"

लग्नाच्या दिवशी स्पीकरवर ते सुरू झालं आणि प्रज्ञा मंडपात आली. पहिल्या रांगेत पांढरा शर्ट घातलेले बाबा, स्वतःला ऐकत, गुडघ्यावर बोटं चालवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. पहिला "आऽऽऽह" आला तेव्हा मी मान खाली घातली आणि जमीन दुभंगायची वाट बघितली. मंडप शांत. कुणीच हसलं नाही.

जेवणाच्या वेळी व्याह्यांचे मोठे भाऊ मला शोधत आले. नागपूरचे, इंग्रजी संगीताचे जाणकार म्हणून त्यांना सगळे वचकून असतात. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सॅक्सोफोन तर अप्रतिमच! पण तो गाणारा कोण हो? काय तडप आहे आवाजात! इतकं आतून गाणारा माणूस मी आजवर ऐकला नाही. त्यांचा पुढचा कार्यक्रम कधी आहे?"

"आता नाही गात जी ते," मी म्हटलं. "मामांनी कापूस विकला."