जॉबरच्या छातीचं माप

गुणाजी गोरिवलेने मुंबईच्या एका गिरणीत, घडीखात्यात, हयात घालवली. दिवसभर समोर कापड यायचं आणि गुणाजी ते मोजायचा, घडी घालायचा, पुढे सरकवायचा. त्याच्या हाताखालून गेलेलं कापड पसरलं असतं, तर पूर्णगडापासून जयगडापर्यंतचा किनारा झाकून वर चार धोतरं निघाली असती. असा हा मापातला माणूस दर गणपतीला गावी येताना मुलीसाठी फ्रॉक आणायचा, आणि तो तिला कधीच बसायचा नाही.

कमळा ही त्याची एकुलती एक मुलगी. एका वर्षी आलेला फ्रॉक तिच्या काखेत अडकला. पुढच्या वर्षी चूक सुधारायची म्हणून गुणाजीने असा आणला, की त्यात कमळा आणि शेजारच्या हिराची चिमा अशा दोघी एकदम मावल्या असत्या. गुणाजीचं उत्तर मात्र ठरलेलं असे. आखूड असला तर, "धुतल्यावर सुटंल." ढगळ असला तर, "धुतल्यावर आटंल." आमच्या विहिरीचं पाणी ही दोन्ही कामं कशी करणार, हे विचारण्याचं धाडस फक्त त्याच्या बायकोत, राहीत होतं, आणि तीही ते त्याची परतीची एस.टी. सुटल्यावर विचारायची.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल असं करत वर्षभर वाट पाहून गुणाजी ट्रंक घेऊन गावी आला, तो कायमचा. घरात त्याच्या नावाचं काम एकही शिल्लक नव्हतं. भात राही बघत होती, गुरं राही बघत होती, काजूच्या झाडांनाही राहीचाच हात माहीत होता. हुकूम सोडायला कुणीतरी हवं, म्हणून गुणाजीने कुत्र्याचं एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं जॉबर. गिरणीत जॉबर म्हणजे कामगारांच्या डोक्यावर बसलेला मुकादम. ज्याच्यासमोर जन्मभर मान खाली घातली, त्याला गुणाजी आता रोज अंगणात उभं करून "बस" म्हणे. जॉबर बसत नसे. तेव्हा नाव काही चुकलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर जॉबरला लूत लागली. गुरांच्या डॉक्टरांनी केस कातरायला लावले, औषध दिलं आणि सांगितलं, "थंडीत जपा." आता रत्नागिरीच्या थंडीला थंडी म्हणणं हा तिचा सत्कारच आहे. पण गुणाजीचं घर सड्याच्या कडेला, आणि पहाटे त्या उघड्या कातळावरून वारा सुटला की उघड्या अंगाच्या कुत्र्याला ते कळायचं. जॉबर चुलीजवळ बसून थरथरायचा. गुणाजीने त्याला गोणपाट पांघरलं. ते त्याने अंगणात नेऊन फाडलं. मग एका सकाळी चहा पिता पिता गुणाजी म्हणाला, "ह्याला स्वेटर पायजे."

राही भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"कोनाला?"

"जॉबरला."

"मी पहाटे पान्याला जाते, ती काय शेकोटी डोक्यावर घेऊन जाते?"

"तुला लूत लागली नाय," गुणाजी म्हणाला. एवढं समंजस उत्तर दिल्याबद्दल त्याला स्वतःलाच बरं वाटलं.

कमळा तेव्हा गावातल्या शिवणाच्या वर्गाला जात होती, त्यामुळे घरात टेप होता. गुणाजीने तो मागून घेतला आणि झोपलेल्या जॉबरच्या पाठीला लावला. माप आलं ते मांजराचं. कमळा ओटीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, वेटोळं करून पडलाय तो. उभा करा."

उभं करणं सोपं नव्हतं. टेप मानेला लागला की जॉबर गोल फिरे, पोटाखालून घेतला की तो खाली बसे. इतके दिवस "बस" म्हटल्यावर न बसणारा हा प्राणी आता बसण्यात पटाईत झाला होता. शेवटी गुणाजीने सुकटीच्या डब्यातून एक सुका बांगडा काढला.

"तो डबा मी कुत्र्याला भरला नाय," आतून आवाज आला. डब्याचं झाकण राहीला तीन खोल्यांतून ऐकू येतं.

बांगड्याकडे बघत जॉबर उभा राहिला आणि काम सुरू झालं. पट्टा बसतो तिथे मानेचा घेर. पुढच्या पायांच्या मागे, बरगड्या सर्वांत रुंद असतात तिथे छाती. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. पोटाकडची बाजू आखूड हवी, नाहीतर पाय वर केला की स्वेटर भिजणार, हेही गुणाजीने धरलं. टेपखाली दोन बोटं सरकवून बघितली, श्वासाला जागा म्हणून. छातीचं माप सव्वीस इंच आलं, तर त्याने पुन्हा घेतलं, कारण पहिल्या वेळी जॉबरने पोट आत ओढलं होतं असा त्याला संशय होता.

कमळाने टेप परत घेतला आणि बोटांवर गुंडाळू लागली.

"जॉबर उभा ऱ्हात नाय, तरी तुमी त्याचं माप घेतलंत," ती म्हणाली. "मी दर गणपतीला दारात उभी असायची."

जॉबरने टाकलेला बांगड्याचा काटा गुणाजी उचलू लागला.

"तू ल्हान होतीस," तो म्हणाला.

"फ्रॉक ल्हानांनाच आणतात, बाबा."

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो रत्नागिरीला गेला. बाजारातल्या कापडाच्या दुकानात मुलांचे लोकरी स्वेटर होते. दुकानदाराने विचारलं, "मुलाचं वय?"

"वयाचं सोडा. छाती सव्वीस, मान चौदा."

"हाताची लांबी?"

"हात नकोत. कापायचेच हायत."

दुकानदाराने चष्मा वर केला. गुणाजीने मग कुत्र्याचा खुलासा केला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघायला जवळ आली, पण गुणाजी डगमगला नाही. त्याने अकरा स्वेटर टेप लावून परत केले आणि बारावा घेतला, हिरवा, समोर बदक असलेला.

"घरात आणखी कुणासाठी दाखवू?" दुकानदाराने विचारलं. "मुलगी आहे? केवढी?"

गुणाजीने हात खांद्याजवळ धरला. मग जरा वर नेला. मग पुन्हा खाली आणला. गेली जवळजवळ तीन वर्षं तो तिच्या समोर रोज जेवत होता. हात तसाच हवेत राहिला, आणि दुकानदाराने सभ्यपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

घरी आल्यावर बाह्या कापल्या, कडा शिवल्या आणि जॉबरला स्वेटर चढवला. तो असा बसला, की खुद्द राहीलाही खोट काढता आली नाही. जॉबर पुतळ्यासारखा उभा राहिला. पाय हलवले तर आपण फाटू, अशी त्याची समजूत झाली असावी. पलीकडचा धोंडू मुद्दाम बघायला आला. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याला दोन बटणं नव्हती. तो म्हणाला, "बदक पोटाकडं गेलाय. वर पायजे होता."

"वारा पाठीला लागतो," गुणाजी म्हणाला. "बदकाला नाय."

धोंडू गेल्यावर त्याने कमळाला हाक मारली. "उद्या माझ्यासंगती रत्नागिरीला चल."

"कशाला?"

"तुला काय पायजे ते बघ. मना कळत नाय."

कमळाने आईकडे बघितलं. राही म्हणाली, "मीबी येते. ह्यांचा भरवसा नाय."

तिघं गेली. कमळाने ड्रेससाठी जांभळं कापड काढलं, अंगाला लावून आरशात बघितलं. राहीने कुणालाही न विचारता एक शाल उचलली आणि तिथल्या तिथे, भर दुपारच्या घामात, खांद्यावर घेतली. गुणाजीने फक्त एकदा तोंड उघडलं. "जरा जास्त घे, म्हंजे सैल..." एवढंच तो बोलला. दोघींनी वळून बघितलं, आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. कमळा आतून म्हणाली, "बाबा, आत बसा. ऊन लागंल." तेव्हा तो आत येऊन बसला. कापड कापून होईपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता. ती आता त्याच्या कानापर्यंत आली होती. हे त्याने टेप न लावता बघितलं आणि राहीला सांगितलं. राही म्हणाली, "मागल्या शिमग्यापासून."

फाल्गुनात जॉबरच्या पाठीवर नवे केस आले. गुणाजीला मात्र स्वेटर काढावासा वाटेना. ते काम करवंदीच्या जाळीने केलं. जॉबर एका सकाळी सड्यावरून आला तो अर्धा उघडा, मागे हिरव्या लोकरीचा धागा फरफटत. फार खूश होता. राहीला वाटलं, आता हा माणूस पुन्हा रत्नागिरीला जाणार. पण गुणाजीने कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवला, केस तपासले आणि उरलेला स्वेटर काढून टाकला.

त्याने तो मागच्या पावट्याच्या वाफ्यात काठीवर चढवला, वानरं भ्यावीत म्हणून. वानरं पहिल्याच दिवशी आली. त्यांनी पावटा खाल्ला आणि एकाने जाताना स्वेटरही नेला. राही दारातून ओरडून म्हणाली, "अवो, वानराला बसला काय बघा जरा." गुणाजी उठला आणि वाफ्याला पाणी घालायला गेला. कुणी सांगितल्याशिवाय केलेलं त्याचं ते घरातलं पहिलं काम, असं राही आजही सांगते; आणि पाणी जास्त झालं होतं, हेही.