साठ टक्के व्यत्यय

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात. धूळ आणि किस्से. धूळ निदान दिवाळीला झाडतात. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सांगलीच्या ऑफिसातल्या त्या एका दिवसाचे किस्से अजून झाडता आलेले नाहीत.

आमचे जाधव सतरा वर्षं फौजेत होते, मग आमच्याकडे क्लार्क झाले. घर मेढ्याला, नोकरी सांगलीला. बायको फोनवर रोज एकच विचारायची, "फौजेतनं सुटलाय न्हवं? मग घरी कवा येणार?"

बदलीचा ऑनलाइन अर्ज भरायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. आणि इंटरनेट असलेला आमचा एकुलता एक कॉम्प्युटर सकाळपासून आचके देत होता. नाव टाइप करून चहाला जावं, तर परत येईपर्यंत आडनाव उमटायचं!

*

शेजारच्या टेबलावरच्या पोतनीसबाई म्हणाल्या, "गरम झालाय हो तो!" आणि आपला चिमुकला पंखा त्याच्याकडे वळवला. पंख्याची वायर त्याच कॉम्प्युटरला जोडलेली होती. म्हणजे आजाऱ्याच्याच हातात पंखा देऊन त्यालाच 'घाल वारा' म्हणायचं!

*

तीन वाजता दुरुस्तीवाले मुलाणीभाई आले. त्यांनी स्क्रीनवर एक यादी उघडली. "सिस्टिम इंटरप्ट्स, साठ टक्के."

"म्हणजे?"

"व्यत्यय, भाऊसाहेब. प्रोसेसर कामाला बसला की कुणीतरी त्याला हाक मारतंय. हातातलं टाकून हा उठतोय, काय पाहिजे विचारतोय, परत बसतोय. की परत हाक!"

एवढं सांगेपर्यंत त्यांना तिघांनी अडवलं. एकानं प्रिंटरचं विचारलं, एकानं मोबाइलचं, पोतनीसबाईंनी चहाचं.

मी म्हटलं, "भाई, आजार कळला. चौतीस वर्षं मला तोच आहे."

*

उपाय सोपा होता. मागच्या वायरी एकेक काढायच्या आणि आकडा बघायचा.

पंखा काढला. साठ. कुणाचा तरी मोबाइल चार्जर काढला. साठ. मग साहेबांच्या टेबलावरच्या गणपतीपुढचा लुकलुकणारा दिवा आला. साहेब म्हणाले, "आधी हात जोडा." मुलाणीभाईंनी हात जोडले, दिवा काढला. साठच!

साहेब खूश. "बघा, बाप्पाचा दोष नाही!"

*

राहिलं हजेरीचं, बोट टेकवायचं मशीन. त्याची वायर टेबलाच्या पायाखाली चेंगरली होती.

"हेच ते," मुलाणीभाई म्हणाले. "सारखं ओरडतंय, मी आलो, मी आलो!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे आल्याचं सांगितलं की दिवसाचं काम संपतं."

साहेब म्हणाले, "ते काढायचं तर वरून लेखी परवानगी लागेल. आठवडा तरी जाईल."

घड्याळात पावणेपाच. जाधव उठले. वाकले आणि वायर उपटली.

दोन टक्के!

*

जाधव अर्ज भरायला बसले. 'बदलीचे कारण' या रकान्यापाशी आले आणि अख्खं ऑफिस त्यांच्या खांद्यावर वाकलं.

"आई आजारी, असं लिहा."

"आई नको हो, पत्नी लिहा."

"शेती लिव्हा की गड्या!"

साहेब म्हणाले, "शेती नको, 'कौटुंबिक' लिहा. आणि जाधव, ते मशीन परत कधी जोडताय?"

जाधव लिहायचे, मान वळवायचे, खोडायचे, परत लिहायचे. पाचला सहा मिनिटं उरली, तेव्हा ते ताडकन उभे राहिले.

"समदी भायेर! एका लायनीत!"

आम्ही निघालो. साहेबही निघाले, लायनीत, माझ्या मागे. दाराला आतून कडी लागली.

पाचला दोन मिनिटं असताना साहेबांनी हळूच टकटक केली. "जाधव, मी येऊ का आत?"

"न्हाई."

"अहो, माझी खुर्ची आत आहे."

"असू द्या की साहेब. तिचा कायबी तरास न्हाई!"

अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत अभिप्रायासाठी साहेबांपुढे आली. साहेबांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, "श्री. जाधव यांना कार्यमुक्त करण्यास हरकत नाही." मग जरा विचार केला, मध्ये 'तत्काळ' हा शब्द घातला आणि त्याच्याखाली पट्टी धरून दोन रेघा ओढल्या.