जावेच्या खड्ड्यातले जंतू

सरका बायांनो जवळ. गाळाचं नाव काढलं की लगेच नाकाला पदर. तुमच्या मोरीतून काय गुलाबपाणी वाहतं का?

माझी नात परभणीला जंतूंचं शिकायलीय. सांडपाण्याच्या गाळातून तिला ट्रॅक्टरचं जळकं तेल खाणारे जंतू वेगळे काढायचे होते. आमी दोघी जावा शेजारीशेजारी राहतो. दोघींच्या दारात ट्रॅक्टर धुतात, पाणी आपापल्या खड्ड्यात मुरतं. म्हणून ती बाटल्या घेऊन जिंतूरला येणार होती.

पोर येणार, तेही खड्डा बघायला. मी आदल्या दिवशीच खड्डा उपसून घेतला, वरून फिनेल ओतलं. जावेचा तसाच, काळा, गिळगिळीत. म्हटलं, आता कळंल कुणाचं घर कसं हाय.

नात दोन्हीकडचा गाळ घेऊन गेली, माझ्या तळाला उरला होता तेवढा. पुन्हा आली ती थेट जावेच्या अंगणात. मी गेले तर मोबाइलवर फोटो दाखवायली. तिकडं गाळ काचेच्या बशीत घालतात, अन् त्यात खायला तेलाशिवाय काही ठेवत नाहीत म्हणे. जे तेलावर जगतं तेच वाढतं. जावेच्या बशीत पिवळट ठिपकेच ठिपके. माझी कोरी.

"आजी, तू काही टाकलं होतंस का?"

"फिनेल. पावणीला घाण दाखवू का?"

"अगं, सगळे मेले की त्यानं."

जाऊ म्हणाली, "आमचं घर घाण हाय बाई, पण लेकराच्या कामाचं हाय."

तेव्हापासून पोर एसटीतून उतरली की आधी तिच्याकडं. गाळ तिचा, खायला धपाटेही तिचेच. नात माझी अन् वाट बघायची मी, भिंतीच्या अलीकडून. जावेनं तर खड्ड्यावर पत्रा टाकलाय, साबणाचं पाणी कुणाला सांडू देत न्हाई. बाजारात "आमचे जंतू" म्हणून सांगत हिंडते. ऐकलं की मी भाजी न घेताच माघारी फिरते, खोटं कशाला बोलू?

नात म्हणाली, "तिच्या खड्ड्यातला तांब्याभर गाळ तुझ्यात टाक, विरजणासारखं. वाढतील."

जावेकडं विरजण मागायला मी कधी लाजले न्हाई. पण गाळ मागू? अन् ती हसत तांब्या भरून देणार? मरेन, पण मागणार न्हाई.

तवा नातीला फोनवर सांगितलं, पोरी, तूच तुझ्या बशीतले जंतू आण, तुझ्या हातानं माझ्या खड्ड्यात सोड. फिनेल बंद केलंय मी. लवकर ये, अन् यायचं ते आधी माझ्या दारात.