डेमोत बोट कोणाचं होतं?

“मॅडम, मायं नाव कॉम्प्युटरच्या क्लासातून काढून टाका.”

नववीतली शीतल माझ्या टेबलासमोर उभी होती. दोन्ही हात ओढणीत. मी वैतागलेच. आठवड्यापूर्वी याच पोरीनं ‘मले घ्याच’ म्हणून माझं डोकं खाल्लं होतं.

“काऊन गं? काय झालं?”

“मले नाही जमत.”

“चार दिवसांत कळलं तुले?”

“बाकीच्यायचं चालते, मायं नाही चालत. मी आपली वावरातच बरी.”

हे ऐकून मला झोंबलं. गणिताचं उत्तर फळ्यावर येण्याआधी हिच्या वहीत असतं. अशी पोरगी म्हणते वावरातच बरी!

मी तेलंगणात, नार्नूरकडच्या एका सरकारी हायस्कुलात मराठी माध्यमाच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. एक संस्था आम्हाला लॅब देणार होती. टॅबलेट घ्यायचे की डेस्कटॉप, हे ठरवणं माझ्यावर होतं. टॅबलेट म्हणजे पाटीएवढा, काचेवर बोट फिरवून चालणारा. डेस्कटॉप म्हणजे टेबलावरचा, कीबोर्ड आणि माऊसवाला. मी अदिलाबादला डेमो बघायला गेले. कंपनीच्या माणसानं बोट फिरवलं, मग मी फिरवलं. काय छान चाललं! शिवाय आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही आणि टॅबलेटला बॅटरी असते. मी फॉर्मवर टॅबलेटपुढे टिक केली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. वापरून बघायला चार टॅबलेट शाळेत आले होते. पक्की ऑर्डर शनिवारी जाणार होती, आणि शीतल आली तो गुरुवार होता.

“चल, दाखव मले,” म्हणून मी तिला लॅबमध्ये नेलं.

तिनं काचेवर बोट ठेवलं. काहीच नाही. जोरात दाबलं, तरी नाही. मी लावलं, लगेच उघडलं.

“पाहा,” ती म्हणाली. डोळे भरले होते. “मशीनले बी मी नको.”

यावर मी काय बोलले ते सांगायची लाज वाटते. मी म्हटलं, “नीट ठेव ना बोट! घाबरून काऊन राह्यली?” तिनं हात पुन्हा ओढणीत घेतले. शनिवारपर्यंत नाव काढणार नाही, एवढं मात्र मी तिला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी एक टॅबलेट घरी नेला. माय ओट्यावर डाळ निवडत बसली होती. मायनं उभा जन्म लोकांच्या वावरात कापूस वेचला. त्यावरच मी शिकले, मास्तरीण झाले.

“काय आणलं व? आन इकडं.” तिनं बोट ठेवलं. टॅबलेट ढिम्म.

माय खुदकन हसली. “हे तं राशनच्या मशीनची बहीण दिसते!” मग तिनं बोट जिभेला लावलं आणि परत ठेवलं. उघडलं की!

“हे कुठं शिकली तू?”

“राशनच्या दुकानात. डीलर ओला फडकाच ठेवते. बोंडं टोचू टोचू बोटाचं कातडं वाळून जाते, बाई. या दिवसांत तं मशीन आमाले वळखतच नाही.”

दसऱ्यानंतर आमची मुलं घरच्या वावरात दोन तास कापूस वेचून मग शाळेत येतात. शीतल हात का लपवते ते आत्ता कळलं. राशनचं मशीन अंगठ्याचा ठसा बघतं, टॅबलेटचं काम वेगळं. त्याला दाबणं कळत नाही. बोट टेकलं की काचेवरच्या अगदी बारीक विजेत फरक पडतो, तो त्याला कळतो. कातडं कोरडं, जाड झालं की कळत नाही. हे मीच तर वर्गात शिकवते! आणि ज्या बोटांनी मला शिकवलं, तीच डेमोच्या वेळी विसरले. मी मायचा हात हातात घेऊन बसले. ती म्हणाली, “सोड व, डाळ निवडू दे.”

शुक्रवारी सकाळीच हेडमास्तरांना गाठलं. ते तेलुगू, पण आमची भाषा छान बोलतात.

“सर, टिक बदलायची आहे.”

“अय्यो! निवड तुमचीच ना, मॅडम? डेस्कटॉप म्हणजे टेबलं आली, वायरिंग आलं, यूपीएस आला.” यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. “त्यापेक्षा एक ओला फडका ठेवा टेबलावर. झालं!”

मी भडकले. “सर, यांच्या आया राशनच्या रांगेत अंगठा पुसून पुसून थकतात. शाळेतही लेकरांनी तेच करायचं का?”

त्यांनी फॉर्म पुढ्यात ओढला. मग म्हणाले, “नववीला बोलवा.”

मुलं आली, एकेकानं बोट लावलं. कुणाचं चाललं, कुणाचं नाही. चाललं नाही अशी मुलं कमी नव्हती. पण शीतल सोडून एकानंही तक्रार केली नव्हती. आपलंच चुकतंय असं समजून शेजाऱ्याच्या टॅबलेटमध्ये डोकावत होती बिचारी. शीतल इकडेतिकडे बघत राहिली. आपण एकट्या नाही, हे तिला तेव्हा दिसलं.

हेडमास्तरांनी एकेकाचा तळहात उलटून पाहिला. हळू आवाजात म्हणाले, “माझी अम्मा मिरची तोडायला जायची.” मग मला म्हणाले, “बदला.”

“फॉर्मवर खाडाखोड दिसेल, सर.”

“दिसू दे. खाली कारण लिहा.”

मी लिहिलं, ‘निवड करणारीची चूक’, आणि सही केली.

महिनाभरानं डेस्कटॉप आले. जाडजूड कीबोर्ड, वायरवाले माऊस. संस्थेच्या साहेबांना लॅबचा फोटो काही पसंत पडला नाही. म्हणाले, जुनाट वाटतं. वाटू दे म्हटलं.

शीतल पहिल्या खुर्चीवर बसली. वेचणी सुरूच होती, बोटांच्या भेगाही तशाच होत्या. तिनं भीत भीत एक बटण दाबलं. पडद्यावर एस उमटला. परत दाबलं, परत उमटला. मग ती थांबेचना! अख्खी ओळ एसनं भरली.

“मॅडम, चालते! मायं बोट चालते!”

“तुयं बोट चांगलंच होतं, शीतल. मशीन मी चुकीचं निवडलं होतं.”

“मंग मायं नाव?”

“काढलंच कुठं होतं?”

ती पुन्हा कीबोर्डकडे वळली. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाच यूपीएस तपासायला गेले. त्याला काही झालं नव्हतं.

आता दुसऱ्या शाळेतले शिक्षक मला विचारतात, कोणतं मशीन घ्यावं? मेमरी किती, स्पीड किती, ते सगळं मी नंतर सांगते. आधी एवढंच विचारते, डेमोत बोट कोणाचं होतं?