डॉक्टर क्वार्ल्स यांचा जबाब

त्या नेहमी दाराकडे तोंड करून बसत. कॉफी उभ्यानेच पीत. एकाच पंपावर लागोपाठ दोनदा पेट्रोल भरत नसत. रोग्याच्या घरात शिरल्यावर आधी पिण्याच्या पाण्याचा वास घेत, मग खाटेकडे वळत. मोटारीत मागे धुतलेल्या चादरींचं गाठोडं असे आणि औषधांची बॅग त्याच्याखाली. रस्त्यात एखाद्या गोऱ्याने अडवलं, की त्या बड्या घरचे कपडे पोचवायला निघालेल्या धोबीण होत. काळी बाई, तिची स्वतःची मोटार, वर डॉक्टरकी. एवढं एकदम कुणाला पचत नाही, असं म्हणत.

डॉक्टर अर्डेलिया क्वार्ल्स. मिसिसिपीतल्या आमच्या परगण्यातल्या पहिल्या काळ्या डॉक्टर. १९२१ साली नॅशव्हिलहून शिकून परतल्या आणि सतरा वर्षं इथेच राहिल्या. शहरात का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. "तिथे डॉक्टर पुष्कळ आहेत," म्हणाल्या. मी शाळेत शिकवते आणि त्यांच्या घरी खोली घेऊन राहते. माझ्या वर्गातली अर्धी पोरं त्यांच्याच हातून जन्मलेली.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी शेरीफच्या माणसांनी ल्युशस टोलिव्हरला तुरुंगातून आणून त्याच्या आईच्या अंगणात टाकलं. तो मुकादमाला उलट बोलला होता. मिस अर्डेलिया पोचल्या तेव्हा तो जिवंत होता. दुपारी गेला.

तो तुरुंगातच मेला असता, तर परगण्याच्या गोऱ्या डॉक्टरने 'हृदय बंद पडलं' असं लिहिलं असतं. तुरुंगात मेलेल्या सगळ्यांची हृदयंच बंद पडत. पण शेवटी उपचार मिस अर्डेलियांनी केले होते. मृत्यूचा दाखला त्यांनाच लिहायचा होता.

बुधवारी शेरीफचा माणूस आला. त्याने टोपी काढली नाही.

"अर्डेलिया, पोराचं काळीज कमजोर होतं म्हणे."

"काळीज ठणठणीत होतं. मी ऐकलंय. बाकीचं मोडलं होतं."

तो खोलीभर नजर फिरवत राहिला. "घर छान ठेवलंयस. सगळं लाकडीच ना?"

संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळक ब्रॅडक आले. आयव्हरी टोलिव्हर, ल्युशसची आई, स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"एक शब्द लिहायचाय, डॉक्टरबाई. मेलेला काही परत येत नाही."

"पाळकबुवा, तुमचं गळू कापलं तेव्हाही तुम्ही मला असंच शिकवत होतात."

"थट्टा नको. तुम्हाला काही झालं, तर चाळीस मैलांत आमच्या बायकांना कोण आहे?"

मिस अर्डेलियांनी दाखल्याचा कोरा कागद पुढे ओढला.

आयव्हरीबाई आतूनच म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. पण त्या कागदावर खोटं असलं, तर मला कळेल."

दाखल्यावर मिस अर्डेलियांनी लिहिलं, 'मारहाणीमुळे मृत्यू'. गुरुवारी ल्युशसला पुरलं. शुक्रवारी कोर्टाच्या कारकुनाने दाखला परत पाठवला. एकेक जखम लिहून शपथेवर जबाब द्यावा, सोमवारपर्यंत. नाहीतर परगण्याचा डॉक्टर नवा दाखला देईल.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या सांगू लागल्या आणि मी लिहू लागले. त्यांचं अक्षर कुणालाच लागत नसे.

"तू कॉलेजात घातलेली वर्षं आज कामी आली, मास्तरीण."

नऊ कलमं झाली, तोवर दारात एक काळा तरुण येऊन उभा राहिला. टोपी हातात. नजर पायरीवर.

"बायको अडलीय. सँडी बेंडच्या वस्तीवर. पाय आधी आलेत."

"तू कुणाचा रे?"

"नवीन आलोय, बाई."

"दिवस कधी भरले तिचे?"

त्याने मागे रस्त्याकडे पाहिलं. वळणावर एक ट्रक उभा होता. "आत्ताच," तो म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

मिस अर्डेलिया आत येऊन हात धुऊ लागल्या. कोपरापर्यंत, नेहमीसारखे.

"सँडी बेंडला या महिन्यात कुणीच पोटुशी नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मग जाऊ नका."

"आणि असली तर?"

"मी येते बरोबर."

"तू बाळंतपण बघून बेशुद्ध पडशील, मग मी कुणाकडे बघू? कागद सांभाळ. आल्यावर पुढचं सांगते."

तीन वाजले होते. लख्ख ऊन होतं. त्यांची मोटार निघाली. जरा वेळाने ट्रकही निघाला.

रविवारी सकाळी मोटार नदीच्या बांधापाशी सापडली. त्या सापडल्या नाहीत. मी आणि पाळक सँडी बेंडची सहाही घरं हिंडलो. अडलेली बाई कुठेच नव्हती. शेरीफच्या कचेरीत सांगितलं, बाई बहुतेक उत्तरेकडे निघून गेली असेल, अशा जातातच.

सोमवारी मी आणि आयव्हरीबाई कागद घेऊन कोर्टात गेलो. कारकुनाने तो उलटा करून पाहिला.

"सही कुठाय?"

त्याच आठवड्यात नवा दाखला आला. ल्युशस टोलिव्हर, वय चोवीस, हृदय बंद पडून मृत्यू.

जबाब माझ्याजवळ आहे. कलम नऊ: डाव्या बाजूची सहावी बरगडी, दोन जागी मोडलेली. त्याखाली मी दहाचा आकडा घालून ठेवला होता. अजून मान, उजवा हात आणि दोन्ही गुडघे राहिले होते, असं आयव्हरीबाई सांगतात. मुलाला शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती. पण जबाब डॉक्टरचाच लागतो.